डोहाळे

डोहाळे म्हणजे गर्भारपणात स्त्रीला विशिष्ट पदार्थ खाण्याची, आणि क्वचित विशिष्ट गोष्ट पाहण्याची वा करण्याची, होणारी तीव्र इच्छा होय. चिंच, कैरी, आवळा, लिंबू, लोणचे अशा आंबट पदार्थांचे डोहाळे सर्वपरिचित आहेत. काही स्त्रियांना माती, राख, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खाण्याची ओढ लागते. व्यवहारात 'डोहाळे' हा शब्द सैलपणे वापरला जातो. एखाद्या पदार्थाची शिसारी, मळमळ व उलट्या यांचाही त्यात समावेश होतो. हा त्रास जास्त असेल तर 'डोहाळे कडक आहेत' असे म्हणतात.

शरीरात जे पोषकद्रव्य कमी पडते त्याचीच मागणी डोहाळ्यांतून व्यक्त होते, असा समज सर्वत्र रूढ आहे. उपलब्ध संशोधनातून या समजाला मर्यादितच आधार मिळतो. शरीराला एखाद्या द्रव्याची उणीव भासावी आणि नेमक्या त्याच द्रव्याची भूक लागावी, असे माणसाच्या बाबतीत मिठाखेरीज क्वचितच सिद्ध झाले आहे. अखाद्य पदार्थांची व बर्फाची ओढ मात्र लोहाच्या कमतरतेशी निगडित असल्याचे वारंवार आढळले आहे. त्यामुळे अशा डोहाळ्यांकडे पुरवण्याची इच्छा म्हणून न पाहता तपासणी करून घेण्याची खूण म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

व्युत्पत्ती

'डोहळा' (अनेकवचन 'डोहाळे') हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दापासून प्राकृतातील 'दोहल' या रूपाद्वारे मराठीत आला. 'दोहद' शब्दाच्या उगमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार तो 'द्विहृदय' या कल्पनेतून निघाला. गर्भिणीच्या देहात तिचे स्वतःचे व गर्भाचे अशी दोन हृदये असतात, म्हणून तिच्या इच्छा या दोघांच्या इच्छा होत, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या मतानुसार त्याचा संबंध 'दौर्हृद' म्हणजे मनाची अस्वस्थता किंवा मळमळ या अर्थाच्या शब्दाशी आहे. मराठीतील सैल वापरात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

स्वतःहून हलाखी ओढवून घेणाऱ्या वागण्याला मराठीत 'भिकेचे डोहाळे लागणे' असे म्हणतात. एखाद्याचा हट्ट वा लहर सांभाळण्यालाही 'डोहाळे पुरवणे' असे म्हटले जाते.

आयुर्वेदातील विवेचन

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या महिन्यागणिक वाढीचे वर्णन आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते व त्याबरोबर चेतनाही प्रकट होते, म्हणून गर्भ आईच्या द्वारे इच्छा करू लागतो, असे तेथे म्हटले आहे. अशा स्त्रीला 'दौहृदिनी' ही संज्ञा दिली आहे. तिची इच्छा डावलल्यास मूल कुबडे, लंगडे, बुटके, मंद किंवा डोळ्यांत व्यंग असलेले जन्मते, असा इशाराही सुश्रुताने दिला आहे.

चरकसंहितेची भूमिका अधिक व्यवहारी आहे. गर्भाला घातक ठरणाऱ्या गोष्टी वगळून गर्भिणीला हवे ते द्यावे, असे चरक सांगतो. इच्छा अतितीव्र असेल तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थात मिसळून द्यावा, अशी सवलतही तो देतो. इच्छा दडपल्याने वायू प्रकुपित होऊन गर्भाला अपाय होतो, हे त्यामागील कारण सांगितले आहे.

डोहाळे न पुरवल्यास मुलात व्यंग येते, या समजुतीला आधुनिक वैद्यकात आधार नाही. तथापि या विचाराचा एक सामाजिक परिणाम झाला. एरवी घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेला निदान काही महिने तरी मनासारखे खायला मिळण्याची सोय त्यामुळे झाली.

मातीच्या संदर्भात आयुर्वेदाचे दुसरे निरीक्षण महत्त्वाचे आहे. चरकसंहितेत पांडुरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील एक मृत्तिकाभक्षणाने, म्हणजे माती खाल्ल्याने, होणारा आहे. अंग पांढुरके पडणे हे पांडुरोगाचे मुख्य लक्षण असल्याने हे वर्णन आजच्या रक्तक्षयाशी बऱ्याच अंशी जुळते. माती खाणे आणि रक्त कमी असणे या दोन गोष्टी एकत्र आढळतात, ही गोष्ट भारतीय वैद्यांच्या ध्यानी फार पूर्वी आली होती.

साहित्यातील उल्लेख

कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेच्या गर्भारपणाचे वर्णन आहे. तिच्या मुखाला मातीचा गंध येतो आणि दिलीप राजाला तो हवाहवासा वाटतो. तिचा पुत्र पुढे पृथ्वीचा उपभोग घेणार आहे, म्हणून तिला मातीची आवड उत्पन्न झाली, अशी कल्पना कवीने केली आहे. गर्भवतीच्या मृत्तिकाभक्षणाचा हा अभिजात साहित्यातील ठळक उल्लेख होय.

संस्कृत काव्यात झाडांनाही डोहाळे लागतात. तरुणीच्या पायाचा स्पर्श झाला की अशोक फुलतो आणि तिच्या मुखातील मद्याच्या चुळीने बकुळ बहरतो, असा कविसंकेत आहे. 'मालविकाग्निमित्र' या नाटकात अशोकाचा हा डोहाळा पुरवण्याचा प्रसंग कथानकाला वळण देतो.

महाराष्ट्रातील प्रथा

महाराष्ट्रात गर्भवतीचे कौतुक टप्प्याटप्प्याने केले जाते. दिवस राहिल्याची वार्ता जाहीर होण्यापूर्वी, बहुधा तिसऱ्या महिन्यात, घरातल्या घरात 'चोरओटी' भरली जाते. पुढे सातव्या महिन्याच्या सुमारास 'डोहाळजेवण' होते. गर्भवतीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवतात, तिची ओटी भरतात आणि तिच्या आवडीचे पदार्थ करून वाढतात. बागेतले, चांदण्यातले, नावेतले असे डोहाळजेवणाचे हौशी प्रकारही आहेत. या वेळी डोहाळ्यांची गाणी म्हटली जातात. त्यांत महिन्यागणिक बदलणाऱ्या इच्छांचे वर्णन असते.

झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उचलायला लावून पेढा निघाला तर मुलगा व बर्फी निघाली तर मुलगी, असा खेळही खेळतात. गोडाचे डोहाळे लागले तर अमुक आणि तिखटाचे लागले तर तमुक, असे आडाखेही बांधले जातात. गर्भाच्या लिंगाशी डोहाळ्यांचा असा संबंध नाही. डोहाळे अपुरे राहिल्यास मुलाचा कान फुटतो, या समजुतीलाही आधार नाही.

वैज्ञानिक विवेचन

विशिष्ट पदार्थाची तीव्र ओढ आणि भूक या भिन्न गोष्टी आहेत. भूक कोणत्याही अन्नाने भागते, तर ओढ ठरावीक पदार्थ मिळाल्याशिवाय शमत नाही. पोट भरलेले असतानाही अशी ओढ लागू शकते. ही ओढ शरीराच्या गरजेतून उगम पावते का, या प्रश्नावर विसाव्या शतकात विस्तृत संशोधन झाले.

मिठाची भूक

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधक कर्ट रिश्टर यांनी 1930 च्या दशकात उंदरांवर प्रयोग केले. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी काढून टाकल्या की शरीरातील सोडियम लघवीवाटे निघून जाते आणि नेहमीच्या आहारावर असे उंदीर मरतात. मात्र त्यांना मिठाचे पाणी उपलब्ध करून दिले, तेव्हा ते ते भरपूर पिऊ लागले व जगले.

1940 मध्ये रिश्टर व लॉसन विल्किन्स यांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मुलगा घरी मूठमूठ मीठ खात असे व पदार्थांवरचे मीठ चाटून घेत असे. अन्य लक्षणांच्या तपासणीसाठी त्याला रुग्णालयात ठेवले गेले. तेथील ठरावीक आहारात त्याला जादा मीठ मिळाले नाही आणि सुमारे आठवड्याभरात तो दगावला. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी विकृत असल्याचे दिसले. पालकांना जी वाईट सवय वाटत होती तिच्यावरच तो जगत होता, हे त्याच्या मृत्यूनंतर उमगले. ॲडिसनच्या विकारात काही रुग्णांना मिठाची अशीच ओढ लागते. सोडियम घटले की अल्डोस्टेरॉन व अँजिओटेन्सिन या संप्रेरकांद्वारे मेंदूला संदेश पोहोचतो, अशी या भुकेमागील यंत्रणा आहे.

इतर पोषकद्रव्ये

मिठासारखी जन्मजात यंत्रणा इतर जीवनसत्त्वांसाठी व खनिजांसाठी आढळत नाही. थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) कमी असलेला आहार दिलेले उंदीर थायमिनयुक्त अन्न निवडतात, असे पूर्वी दिसून आले होते. पॉल रोझिन यांनी 1960 च्या दशकात त्याचा वेगळा उलगडा केला. ज्या अन्नाने आजारपण आले ते अन्न उंदीर टाळू लागतात आणि नव्या अन्नाकडे वळतात. म्हणजे थायमिनची भूक अशी नसते. अनुभवातून शिकलेली नावड असते.

क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ स्त्रीचा प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. त्यांनी नुकत्याच दूध सोडलेल्या बालकांना 34 पदार्थांतून स्वतःच निवड करू दिली. 1928 मध्ये पहिला वृत्तांत आणि 1939 मध्ये 15 मुलांचा एकत्रित वृत्तांत प्रसिद्ध झाला. मुले चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बालकाने समोर ठेवलेले कॉड माशाचे तेल बरे होईपर्यंत स्वेच्छेने घेतले. यावरून शरीर स्वतःची गरज ओळखते, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु यादीतील सर्व पदार्थ साधे व पौष्टिक होते, त्यांत साखर वा मिठाई नव्हती. निवड कशीही केली तरी पोषण बहुतांशी साधले जावे, अशीच ती यादी होती, याकडे डेव्हिस यांनी स्वतःच लक्ष वेधले होते.

चॉकलेटची ओढ मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे लागते, असाही एक प्रचलित समज आहे. तसे असते तर तीळ, दाणे, नाचणी, पालक यांचीही ओढ लागायला हवी होती. कारण त्यांतही मॅग्नेशियम मुबलक असते. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चॉकलेटची ओढ लागलेल्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या असता ओढ शमली नाही. कोकोची भुकटी नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटने मात्र ती काही प्रमाणात शमली. ओढ चव, वास व तोंडात विरघळण्याच्या सुखाची होती, असे त्यातून दिसते. स्मृती, सवय, एकसुरी आहार आणि एखादा पदार्थ वर्ज्य केल्याची जाणीव यांनीही ओढ वाढते.

गर्भारपणातील ओढ

गर्भारपणात संप्रेरकांच्या बदलांमुळे वासाची व चवीची जाणीव अनेकींच्या बाबतीत बदलते. पहिल्या तीन महिन्यांत मळमळ जास्त असते. तोंडाला चव नसताना आंबट पदार्थ बरे वाटतात, हे चिंच-कैरीच्या डोहाळ्यांचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. त्यासाठी 'क' जीवनसत्त्वाची कमतरता गृहीत धरण्याची गरज पडत नाही. शिवाय कोणत्या पदार्थाचे डोहाळे लागतात हे संस्कृतीवर बरेच अवलंबून असते. महाराष्ट्रात कैरीचे लागतात, तर अमेरिकेत आइस्क्रीमचे व खारवलेल्या काकडीचे. गरजेचे द्रव्य एकच असते तर इतका फरक पडला नसता.

तरीही योगायोगाने काही डोहाळे उपकारक ठरतात. आवळा, लिंबू, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे भाजी, डाळ व धान्य यांतील लोह अधिक शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर घेतलेल्या चहामुळे ते शोषण घटते. मिठाई व तळलेल्या पदार्थांचे डोहाळे मुक्तपणे पुरवल्यास वजन बेताबाहेर वाढू शकते. 'दोन जिवांचे खावे' असे म्हटले जात असले, तरी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार गर्भवतीला दररोज सुमारे 350 किलोकॅलरीच अधिक लागतात.

अखाद्य पदार्थांचे डोहाळे

अन्न नसलेले पदार्थ खाण्याच्या प्रवृत्तीला वैद्यकात 'पायका' म्हणतात. दिसेल ते चोचीत घेणाऱ्या मॅग्पाय पक्ष्याच्या लॅटिन नावावरून ही संज्ञा पडली. माती खाणे, बर्फ खाणे आणि कच्चे तांदूळ, पीठ किंवा स्टार्च खाणे हे तिचे गर्भवतींत आढळणारे मुख्य प्रकार होत. भाजलेल्या चिकणमातीचे तुकडे आफ्रिकेतील व दक्षिण आशियातील काही बाजारांत खास गर्भवतींसाठी विकले जातात. सिल्हेट भागात त्यांना 'छिकर' म्हणतात. पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास, सारवलेली जमीन, भिंतीचा पोपडा, नवे मडके यांची ओढ महाराष्ट्रातही आढळते. पाटीवरची पेन्सिल व खडू खाण्याची सवय अनेकींना शाळेपासूनच असते आणि गर्भारपणात ती बळावते.

माती, बर्फ वा कच्चे धान्य खाणाऱ्यांत लोहाची कमतरता व रक्तक्षय यांचे प्रमाण अधिक असते, असे अनेक देशांतील पाहण्यांतून दिसून आले आहे. बर्फ सतत चघळण्याच्या बाबतीत हा संबंध विशेष ठळक आहे. लोहाचा उपचार सुरू केल्यावर बर्फाची ओढ अनेकदा काही दिवसांतच, रक्तातील हिमोग्लोबिन पूर्ववत होण्यापूर्वीच, नाहीशी होते. बर्फात लोह नसते, त्यामुळे ही उणीव भरून काढण्याची धडपड म्हणता येत नाही. गार बर्फाने रक्तक्षयाच्या रुग्णाला तात्पुरती तरतरी येत असावी, अशी एक उपपत्ती 2014 मध्ये मांडली गेली.

मातीच्या बाबतीत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. मातीत लोह असले तरी ते शरीराला फारसे उपलब्ध होत नाही. उलट काही प्रकारची चिकणमाती अन्नातील लोह स्वतःकडे बांधून ठेवते व त्याचे शोषण रोखते, असे तुर्कस्तानातील मातीवर 1968 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. याचा अर्थ, लोह कमी झाल्याने माती खावीशी वाटते आणि माती खाल्ल्याने लोह आणखी कमी होते, असे दुष्टचक्र संभवते. चिकणमाती आतड्याच्या अस्तराचे विषारी द्रव्यांपासून व जंतूंपासून रक्षण करत असावी, असे दुसरे मत सेरा यंग यांनी 2011 मध्ये विस्ताराने मांडले. या दोन्ही मतांवर संशोधन चालू आहे.

शरीराची ओढ खरी असली तरी ती सुरक्षित असेलच असे नाही, हे गुरांच्या उदाहरणातून कळते. फॉस्फरस कमी पडलेली गुरे हाडे चघळतात. दक्षिण आफ्रिकेत अशा गुरांना कुजक्या हाडांतून बोट्युलिझमची विषबाधा होऊन ती मरत असत. तेथील पशुवैद्य आर्नोल्ड थायलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा संबंध उलगडला. गुरांना फॉस्फरसयुक्त खाद्य पुरवणे हा त्यावरील उपाय ठरला.

धोके

माती व तत्सम पदार्थ खाल्ल्याने पुढील धोके संभवतात.

जंतांची अंडी पोटात जाऊन कृमींचा प्रादुर्भाव होतो. दूषित मातीतून व जुन्या रंगाच्या पोपड्यांतून शिसे शरीरात जाते. ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचून त्याच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणू शकते. बद्धकोष्ठता होते व क्वचित आतड्यात अडथळा निर्माण होतो. बर्फ व कच्चे तांदूळ चघळल्याने दातांची झीज होते. पोट भरल्याची भावना होऊन पौष्टिक जेवण कमी जाते.

तपासणी व उपचार

गर्भारपणात शरीराला एकूण सुमारे 1000 मिलिग्रॅम जादा लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019–21) भारतातील 52.2 टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. गर्भारपणात हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला 11 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात. तीव्र रक्तक्षयामुळे बाळंतपणात मातेच्या जिवाला धोका वाढतो, तसेच मूल कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यता वाढते.

माती, खडू किंवा पेन्सिल खाण्याची सवय स्त्रिया लाजेपोटी सहसा सांगत नाहीत. घरातही ती चेष्टेचा वा रागावण्याचा विषय होते. त्यामुळे डॉक्टर, परिचारिका किंवा आशा कार्यकर्तीने 'काही वेगळे खावेसे वाटते का' असे मोघम न विचारता पदार्थांची नावे घेऊन, दोष न देता विचारणे उपयुक्त ठरते. अशी ओढ असल्यास हिमोग्लोबिनची व शक्य असल्यास फेरिटिनची तपासणी करतात. फेरिटिनवरून शरीरातील लोहाचा साठा समजतो. हिमोग्लोबिन ठीक असतानाही हा साठा घटलेला असू शकतो. गरजेनुसार जंतांसाठी व शिशासाठीही तपासणी केली जाते.

'अॅनिमियामुक्त भारत' या 2018 मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमानुसार गर्भवतीला दुसऱ्या तिमाहीपासून किमान 180 दिवस रोज 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असलेली गोळी दिली जाते. बाळंतपणानंतरही ती 180 दिवस चालू ठेवायची असते. रक्तक्षय असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवतात. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. मळमळ, काळी शौचास होणे, बद्धकोष्ठता या कारणांनी अनेक स्त्रिया गोळ्या मध्येच सोडतात. काळा रंग हा लोहाचा अपेक्षित परिणाम असून तो घाबरण्याचे कारण नाही, ही माहिती आधीच दिल्यास गोळ्या चालू राहण्यास मदत होते.

खाद्य पदार्थांचे साधे डोहाळे बेताने पुरवण्यास हरकत नसते. मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास गोड व खारट पदार्थांबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा लागतो. मिठाची ओढ नव्याने व असाधारण तीव्रतेने लागली आणि तिच्यासोबत अशक्तपणा, चक्कर, वजन घटणे अशी लक्षणे असली, तर गर्भारपण असो वा नसो, तपासणी आवश्यक असते.

हेही पाहा

गर्भारपण
डोहाळजेवण
रक्तक्षय
पांडुरोग
लोह (पोषण)
सुश्रुतसंहिता
रघुवंश